हाती फोन, कानी दवंडी

(धागा लांबला आहे. सवडीने वाचावा.)

दीपनगरच्या वसाहतीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना खरा काळोख फार उशिरा भेटतो. भुसावळच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांवरचे तांबडे दिवे रात्रभर उघडे डोळे ठेवून असतात, आणि त्यांच्या उजेडात आमची झोप झाली. कुंपणापलीकडे मात्र केळीचे आणि कपाशीचे शिवार होते. मध्यरात्रीनंतर त्या शिवारातून बॅटरीचे उजेड हलताना दिसत. लहानपणी आम्ही त्यांना चोर समजत असू. ते शेतकरी होते. कृषिपंपांच्या वाहिनीला वीज रात्रपाळीत मिळे. ती आली की नाही हे पाहायला माणूस अंथरुणातून उठून विहिरीवर जाई, बटण दाबून परत येई, आणि तासाभराने वीज गेली की पुन्हा निघे. शेकडो मेगावॉटचे संच उशाला असलेल्या गावांची ही रात्र होती.

पुढे त्या बॅटऱ्या हळूहळू कमी झाल्या. त्याचे श्रेय कोणत्याही कृषी सल्ल्याला जात नाही. पंपाच्या पेटीत सिमकार्ड असलेले एक यंत्र बसू लागले. घरून त्या क्रमांकावर फोन लावायचा. तिकडे वीज आहे की नाही ते कळते, असेल तर पंप सुरू होतो. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी तयार केलेले 'नॅनो गणेश' हे यातले सर्वांत गाजलेले नाव. २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पुरस्कार मिळाला. त्यामागे ओस्तवालांच्या स्वतःच्या घरची आठवण होती: पंप चालू करायला रात्री शेतावर पायपीट करणारे आजोबा. आज अशी यंत्रे अनेक कंपन्यांची मिळतात आणि खानदेशात त्यांना सरसकट 'मोबाइल स्टार्टर' म्हणतात.

शेतकऱ्याने मोबाइलचा पहिला मनापासून केलेला उपयोग हा असा आहे. त्यात त्याला कोणी काही शिकवले नाही. त्याने प्रश्न विचारला, 'वीज आली का?', आणि पलीकडून उत्तर आले. हे मुद्दाम आरंभीच सांगतो, कारण 'मोबाइलद्वारे कृषिज्ञान' या नावाने गेली पंधरा-वीस वर्षे जे चालले आहे, त्यात हा साधा व्यवहार जवळजवळ नाही. दोन्ही बाजूंनी बोलता येईल असे यंत्र कोट्यवधी शेतकऱ्यांच्या खिशात गेले, आणि आपण त्याचा उपयोग दवंडीसाठी केला. माझे मत असे की ही चूक यंत्राची नाही, ती आपली जुनी सवय आहे. तिचा इतिहास खानदेशापुरता पाहू.

अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला, तेव्हा मुंबई सरकारचे लक्ष खानदेशच्या काळ्या जमिनीकडे वळले. हिंगणघाटचे बियाणे आले, धारवाड-अमेरिकन आले, भडगावला सरकारी प्रायोगिक शेत निघाले. हेतू उघड होता: इथल्या शेतकऱ्याने लांब धाग्याचा कापूस पिकवावा. शेतकऱ्याचे गणित निराळे होते. तो रुईचा उतारा पाहत होता, एकरी वजन पाहत होता, अवर्षणात तगणारे झाड पाहत होता. लांब धाग्याला मिळणारा वाढीव भाव त्या तोट्याची भरपाई करीत नव्हता. परिणामी विसाव्या शतकाच्या आरंभी खानदेशात आखूड धाग्याचा, पण भरपूर रुई देणारा देशी कापूसच पसरलेला दिसतो. साहेबाच्या लेखी हे अडाणीपण होते. पुढे 'जरीला' आणि 'विरनार' ही वाणे आली आणि रुजली, त्याचे कारण त्यांत शेतकऱ्याच्या हिशेबाचाही विचार होता. जरीला तर मुंबईच्या कापूस बाजारात वायद्याचा मानदंड होऊन बसला.

यातून एक गोष्ट ध्यानी येते. माहिती पोहोचली नाही म्हणून शेतकऱ्याने सल्ला नाकारला, असे क्वचितच घडते. माहिती पोहोचते, उलट दिशेने त्याची अडचण पोहोचत नाही.

आता एका विलक्षण प्रयोगाकडे वळतो. महाराष्ट्राने तो स्वतःच्या भूमीवर केला आणि जवळजवळ विसरूनही टाकला. १९५६ सालचा फेब्रुवारी ते एप्रिल. आकाशवाणी आणि युनेस्को यांनी मिळून तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांत, म्हणजे पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर येथे, सुमारे १५० गावांत 'रेडिओ शेती मंडळे' उभारली. आठवड्यातून दोनदा पुणे केंद्रावरून अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. एवढ्यावर ती नेहमीची शेतीवाणीच ठरली असती. पण कार्यक्रम संपल्यावर मंडळातील पंधरा-वीस माणसांनी उठून जायचे नव्हते. त्यांनी ऐकलेल्यावर चर्चा करायची, काय पटले, काय पटले नाही, गावात काय करता येईल हे ठरवायचे, आणि निमंत्रकाने त्याचा अहवाल केंद्राकडे धाडायचा. अहवालातील प्रश्नांची उत्तरे पुढील कार्यक्रमात मिळत.

या कल्पनेचे मूळ कॅनडातले. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळे रेडिओभोवती जमत. आपल्याकडील प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि त्याचे सूत्रधार होते पॉल न्यूराथ. हा मूळचा ऑस्ट्रियन समाजशास्त्रज्ञ हिटलरच्या दाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेत गेला होता. एका आवाजाने सगळ्यांनी ऐकायचे म्हणजे काय, हे त्याने देहाने अनुभवलेले होते. या प्रयोगाशी त्याचा संबंध जोडणे हा माझा कल्पनाविलास असेल, पण तो जोडावासा वाटतो खरा.

न्यूराथ यांनी तुलनेसाठी तीन प्रकारची गावे घेतली: मंडळ असलेली, मंडळ नसून नुसता रेडिओ असलेली, आणि रेडिओही नसलेली. आरंभी आणि अखेरीस लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांतील ज्ञानाची वाढ उरलेल्या दोन्ही प्रकारांहून कितीतरी अधिक निघाली. नुसता रेडिओ असलेली गावे मंडळाच्या गावांच्या जवळपासही आली नाहीत. आवाज तोच होता, मजकूर तोच होता. फरक होता तो ऐकल्यावर बोलण्याचा. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि न्यूराथ यांचा या प्रयोगावरील ग्रंथ युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. जगभरच्या संज्ञापन-अभ्यासकांनी तो वाचला. त्याच वर्षापासून भारत सरकारने ही मंडळे देशभर नेली. कागदावर त्यांची संख्या हजारोंनी वाढली, आणि ज्या गोष्टीने ती जिवंत होती तीच, अहवाल वाचणारा आणि उत्तर देणारा माणूस, त्या वाढीत हरवली.

नंतरचा काळ आपल्या सर्वांच्या आठवणीत आहे. कृषी विभागाचे 'शेतकरी' मासिक, मुंबई दूरदर्शनवरचे 'आमची माती, आमची माणसं', २००५ पासून 'ॲग्रोवन' हे दैनिक. यांतील प्रत्येकाने मोलाचे काम केले. तरीही २००३ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील ६० टक्के शेतकरी कुटुंबांनी सांगितले की आम्हांला आधुनिक शेतीची माहिती कोणत्याच मार्गाने मिळत नाही. ज्यांना मिळत होती त्यांत पहिला क्रमांक होता दुसऱ्या प्रगतिशील शेतकऱ्याचा (सुमारे १७ टक्के), त्याखालोखाल खते-औषधांचा दुकानदार आणि रेडिओ (प्रत्येकी १३). सरकारी विस्तार कर्मचारी सहा टक्क्यांच्याही आत होता. म्हणजे शेतकरी विचारतो, पण ज्याला उलट विचारता येते अशालाच विचारतो.

मग मोबाइल आला. २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर सुरू झाले, २००७ मध्ये इफ्को आणि एअरटेल यांनी मिळून रोज ध्वनिसंदेश धाडायला सुरुवात केली, २०१३ मध्ये केंद्र सरकारचे 'एम-किसान' संकेतस्थळ आले आणि सरकारी लघुसंदेशांचा पूर लोटला. यातले कॉल सेंटर तेवढे प्रश्न ऐकणारे. त्याकडे मी शेवटी येतो.

महाराष्ट्रातील दोन अनुभव मात्र थांबून पाहण्याजोगे आहेत. पहिला वारणानगरचा. १९९८ साली कोल्हापूर-सांगली सीमेवरील सुमारे ७० गावांत संगणक बसवून 'वायर्ड व्हिलेज' उभे राहिले. शेतकऱ्याला जगभरचे शेतीज्ञान मिळेल, असा त्याचा गाजावाजा होता. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी पाहिले तेव्हा ते संगणक मुख्यतः ऊसतोडीची परवानगी, खताची उधारी, उसाचे वजन यांच्या नोंदींसाठी वापरले जात होते. शेतकऱ्याला तेच हवे होते. संशोधकांनी मग सात गावांत संगणक काढून साध्या फोनवरच्या लघुसंदेशांची सोय केली: शेतकऱ्याने आपला क्रमांक आणि प्रश्नाची खूण पाठवायची, कारखान्याच्या यंत्रणेतून उत्तर यायचे. ते स्वस्त होते, आणि ते चालले. मला या गोष्टीतला प्रामाणिकपणा आवडतो. जगभरचे ज्ञान बाजूला ठेवून माणूस आधी आपल्या उसाचे वजन विचारतो, यात त्याचे काही चुकत नाही.

दुसरा अनुभव आपल्या दारातला. २००७ साली 'रॉयटर्स मार्केट लाइट' ही सेवा महाराष्ट्रात सुरू झाली. वर्गणी भरा, आणि आपल्या पिकाचे बाजारभाव, हवामान, पीकसल्ला मराठीत मोबाइलवर मिळवा. वृत्तपत्रांनी तिचे फार कौतुक केले. त्यानंतर मार्सेल फाफशाम्प आणि बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातील १०० गावांत काटेकोर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गावांतील शेतकऱ्यांना वर्षभर ही सेवा फुकट दिली, उरलेल्यांना दिली नाही. टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू आणि सोयाबीन ही पिके. पाच जिल्हे, आणि त्यांत आपला धुळे जिल्हाही होता. निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांनी सांगितले की आम्ही संदेश वाचतो, निर्णयात त्यांचा विचार करतो. पण मिळालेला भाव, पिकाचे मूल्य, अवकाळी पावसातील नुकसान, वाण किंवा मशागतीतील बदल यांपैकी कशातही सरासरीने लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. मालाची प्रतवारी आणि बाजाराची निवड यांत थोडी हालचाल दिसली, तीही किरकोळ.

याच्या उलट केरळचे उदाहरण नेहमी दिले जाते. रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ साली दाखवले की तिथल्या किनाऱ्यावर मोबाइल पोहोचल्यानंतर कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त पडली. मग तिकडे जे घडले ते धुळ्यात का घडू नये? मला वाटते, उत्तर होडीत आहे. कोळी समुद्रातून स्वतः चार बंदरांना फोन लावत होता, घासाघीस करत होता, आणि सौदा जमला की होडीचे तोंड फिरवत होता. कोणी त्याला भाव कळवत नव्हते. तो भाव विचारत होता.

आता रावेर-यावलच्या केळीबागेत उभे राहून पाहा. केळीची बहुतेक विक्री शिवार खरेदीने होते. व्यापारी बागेत येतो, घड पाहतो, कापणी त्याच्या माणसांकडून होते, माल ट्रकमध्ये भरला जातो. बऱ्हाणपूरच्या लिलावाचा आकडा सकाळीच मोबाइलवर आलेला असतो. पण घड तयार झाला की तो थांबत नाही, उन्हाळ्यात तर चार दिवसही नाही. व्यापारी म्हणतो, 'तो भाव एक नंबर मालाचा, तुमच्या मालाला इतकाच.' आकडा माहीत असूनही शेतकऱ्याला होडी फिरवता येत नाही. माझ्या मामांची यावल तालुक्यात केळी होती. ते फोनवरचा भाव वाचून फोन उपडा ठेवत. 'हा भाव मला कळतो, व्यापाऱ्याला कळत नाही वाटतं,' असे म्हणत. कापसाच्या खेडा खरेदीतही हेच; हंगामाच्या आरंभी ज्याच्याकडून उचल घेतली, त्याच्याच काट्यावर कापूस जातो. अशा ठिकाणी ज्ञानाची उणीव नसते, पर्यायाची असते. संदेशाने पर्याय निर्माण होत नाही.

म्हणून मोबाइल निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. शेजारच्या गुजरातेत 'आवाज ओटलो' नावाची सेवा निघाली. ओटलो म्हणजे आपला ओटा. कापूस पिकवणारा शेतकरी फोन करून स्वतःच्या बोलीत प्रश्न नोंदवे, कृषितज्ज्ञ उत्तर ध्वनिमुद्रित करी, आणि इतरांचे प्रश्नही ऐकता येत. आठवड्याला एक संदेश सर्वांना जाई, पण त्याचा विषय काही शेतकऱ्यांना विचारूनच ठरे. शॉन कोल आणि निलेश फर्नांडो यांनी सुरेंद्रनगर जिल्ह्यातील ४० गावांच्या १,२०० शेतकऱ्यांवर याचा अभ्यास केला. सेवा मिळालेले शेतकरी मोनोक्रोटोफॉससारख्या जहाल विषाकडून तुलनेने कमी घातक औषधाकडे वळलेले आढळले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आठवणाऱ्या महाराष्ट्राला या एका निष्कर्षाचे मोल वेगळे सांगायला नको. त्याच सेवेवरील आणखी एक अभ्यास सांगतो की शास्त्रज्ञाच्या आवाजातील सल्ल्यापेक्षा शेतकऱ्याच्या आवाजातील सल्ल्याला अधिक प्रतिसाद मिळाला. गंमत अशी, की विचारल्यावर मात्र शेतकरी सांगत, आम्हांला शास्त्रज्ञांचेच ऐकायला आवडते.

आवाजाचा मुद्दा निघाला म्हणून बोलीविषयी. २०२० च्या पावसाळ्यात जळगाव जिल्ह्यातील केळीवर विषाणूजन्य रोगाने थैमान घातले. पानांवर पिवळे पट्टे, पोंगा सडलेला. कोवळ्या बागाच्या बागा उपटून टाकाव्या लागल्या. शास्त्रीय सल्ल्यात त्याचे नाव 'कुकुंबर मोझॅक व्हायरस'. रावेर-चोपड्याच्या शिवारात त्याचे नाव 'हरण्या'. सल्ला अचूक होता: रोगट झाडे उपटून नष्ट करा, मावा आवरा, बागेतले आणि बांधावरचे तण आणि काकडीवर्गीय पिके काढा. पण 'हरण्या' हा एक शब्द संदेशात असता तर तो किती घरांत वाचताक्षणी उमगला असता! भुसावळ-यावलकडे लेवा गणबोली, धुळ्याकडे अहिराणी, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी आणि भिली. या बोलींत रोगांची, किडींची, मातीच्या पोतांची, पावसाच्या प्रकारांची स्वतंत्र नावे आहेत. ती नावे म्हणजे शेकडो वर्षांच्या निरीक्षणांची सूची आहे. ती वर पोहोचवण्याची सोय कोणत्याही संदेशसेवेत नाही.

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांचे शेतीचे शहाणपण आज महाराष्ट्राच्या तोंडी आहे, कारण मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी ते लिहून घेतले. त्या १९५१ साली गेल्या, पुस्तक १९५२ साली आले. लिहून घेणारे कोणी नसते तर? खानदेशच्या प्रत्येक गावात असे किती जण लिहून घेणाऱ्याविना गेले, याचा हिशेब कोणत्याच खात्याकडे नाही.

सल्ला आणि शिवार यांची प्रत्यक्ष टक्कर पाहायची असेल तर पूर्वहंगामी कपाशी पाहावी. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यातील कापूस पोखरला. अळीचे जीवनचक्र तोडण्यासाठी कृषी विभागाने पुढे १ जूनपूर्वी शेतकऱ्यांना बियाणे विकू नये असा नियम लावला आणि मोबाइलवर संदेश फिरू लागले: लवकर लागवड करू नका. शास्त्र म्हणून हे बरोबर आहे. पण खानदेशात विहीर आणि ठिबक असलेला शेतकरी आखाजी झाली की मे महिन्यातच कपाशी लावतो. पिकाला पुढचे दिवस मिळतात, आणि दिवाळीच्या सुमारास शेत मोकळे करून गहू, हरभरा किंवा मका घेता येतो. त्याचे म्हणणे असे की फरदड न ठेवता मी कपाशी वेळेत उपटतो, मग अळी वाढवतो तो मी कसा? हे म्हणणे कदाचित अपुरे असेल. मे महिन्यात लावलेल्या कपाशीच्या फुलांवर अळीची पहिली पिढी पोसली जाते, हेही तितकेच खरे. परंतु ही दोन म्हणणी समोरासमोर येतील अशी जागाच नाही. मग बियाणे शेजारच्या राज्यांतून पिशव्यांमधून येते, त्याची पावती नसते, आणि उगवले नाही तर तक्रारही करता येत नाही. १९५६ च्या मंडळात हा विषय निघाला असता तर किमान अहवाल तरी गेला असता: 'आमच्या गावास हे मान्य नाही, कारणे खालीलप्रमाणे.'

शेतकऱ्यांनी आपली मंडळे स्वतः काढलीच आहेत, हे नमूद करायला हवे. व्हॉट्सॲपवर केळी उत्पादकांचे, कापूसवाल्यांचे, ठिबकवाल्यांचे गट आहेत. पानाचे छायाचित्र टाकले की दहा मिनिटांत पंधरा उत्तरे येतात. त्यांतली चार बरोबर असतात. उरलेल्यांत कोणाचे तरी 'टॉनिक' विकले जात असते, कोठले तरी परवाना नसलेले बियाणे सुचवले जात असते, आणि हवामानाच्या नावाने ढग नसताना गारपीट होत असते. लोकांचे ज्ञान म्हणून त्याची आरती ओवाळण्याइतका मी भाबडा नाही. पण तिथे गर्दी का आहे, हे कळण्यासाठी फार बुद्धी लागत नाही. तिथे विचारता येते.

आणि हा फोन घरातल्या कोणाच्या हातात असतो? सल्ल्याचे संदेश बहुधा नोंदणी झालेल्या खातेदाराला जातात, आणि आता शेतकरी ओळख क्रमांकही सातबाऱ्याशीच बांधला जात आहे. सातबाऱ्यावर पुरुषाचे नाव, खिशात पुरुषाचा फोन. निंदणी, खत देणे, कापूस वेचणी करते ती बाई. अळी प्रथम दिसते तिला. निम्मे बटाईने शेत कसणारा तर या यादीत कोठेच नाही. संदेश जातो पुण्याला किंवा सुरतेला नोकरी करणाऱ्या मालकाला, आणि तो 'पुढे पाठवतो' किंवा विसरतो.

या सगळ्यात एक यंत्रणा अशी आहे, जिच्यात ज्ञान खालून वर जाते. २००८ साली विदर्भात सोयाबीनवर अळ्यांचा प्रचंड उद्रेक झाला, त्यानंतर २००९ पासून राज्यात 'क्रॉपसॅप' हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प चालू आहे. सर्वेक्षक ठरलेल्या शेतांत जाऊन किडी मोजतात, आकडे वर जातात, आणि त्यांवरून तालुक्याचा सल्ला ठरतो. आधी शेत पाहायचे, मग बोलायचे. हा क्रम योग्य आहे. त्याची पुढची पायरी म्हणजे कीड मोजणाऱ्याने शेतकऱ्याचे म्हणणेही नोंदवणे. ती पायरी अजून चढायची आहे.

आता कॉल सेंटरकडे येतो. १८००-१८०-१५५१ वर आलेल्या प्रश्नांच्या नोंदी केंद्र सरकारच्या खुल्या विदा-संकेतस्थळावर जिल्हावार पाहायला मिळतात. हा मला या विषयातला सर्वांत दुर्लक्षित दस्तऐवज वाटतो. त्यात लाखो शेतकऱ्यांचे प्रश्न आहेत: पाऊस कधी, पाने पिवळी का, अनुदान कोठे अडले. उत्तरे बहुधा एका ओळीची, रोमन लिपीत खरडलेली. भडगावच्या प्रायोगिक शेतापासून आजतागायत शेतकरी काय विचारतो याची इतकी मोठी नोंद कधीच झाली नव्हती. पण ती कोणी शेतकऱ्यांना परत वाचून दाखवत नाही.

२०२५ मध्ये राज्याने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण स्वीकारले, 'महाविस्तार' हे ॲप आणले. आता यंत्र मराठीत बोलेल, प्रश्नाला उत्तर देईल. मला त्याविषयी भीती नाही, उत्सुकता आहे. माझी मागणी मात्र नेमकी आहे. दर आठवड्याला प्रत्येक तालुक्यात शेतकऱ्यांनी विचारलेले पहिले दहा प्रश्न, बोलीतल्या शब्दांसह, जाहीर करावेत. ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत आणि आकाशवाणीच्या जळगाव केंद्रावरून वाचले जावेत. सल्ला पटला नाही तर 'पटला नाही, कारण' असे नोंदवण्याची सोय त्या ॲपमध्ये असावी, आणि त्या कारणांना कृषी विद्यापीठाने नावानिशी उत्तर द्यावे. बटाईदार आणि शेतकरी स्त्री यांना सातबाऱ्याविना नोंदणी करता यावी. यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. सत्तर वर्षांपूर्वी हे पोस्टकार्डावर जमले होते.

वाचकांपैकी कोणाच्या घरी रेडिओ शेती मंडळाचे जुने अहवाल, निमंत्रकाची वही, पुणे केंद्राकडून आलेले एखादे उत्तर असेल, तर त्याचे छायाचित्र या धाग्याखाली जरूर टाकावे. नाशिककडच्या मंडळींकडून विशेष आशा आहे. १९५९ नंतर खानदेशात निघालेल्या मंडळांचे कागद मिळाले तर त्यांवर स्वतंत्र धागा लिहीन.